गावाचं नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं?

सीना नदीला पूर आलाय असं सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात कुणी सांगितलं असतं तर पोरं हसली असती. म्हणजे पाणी येतं, नाही असं नाही, पण आम्हाला सीना आठवते ती उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, वाळू उपसून खड्डे पडलेली. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी सीनेत सोडा म्हणून निवेदनं, रास्ता रोको, पुढाऱ्यांच्या मागं फिरणं, हे सगळं बघत आम्ही मोठे झालो. भीमेचं पाणी बोगद्यातनं सीनेत आलं तेव्हा कुठं काठच्या उसाला जीव आला. आणि अशा नदीनं २०२५ च्या सप्टेंबरात अख्खा शिवार पाण्याखाली घातला. गंमत अशी की (गंमत कसली) पाऊस आमच्याकडं तेवढा नव्हताच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकारी भाषेत अतिवृष्टी, पण आमच्याकडं जे आलं ते वरचं, अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडचं. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, सगळ्या धरणांतनं पाणी सोडावं लागलं आणि ते करमाळा, माढा, मोहोळ करत खाली आलं. लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद, वडकबाळजवळ विजयपूरचा हायवे बंद.

मी सोलापुरात एका सीएच्या ऑफिसात काम करते. छोट्या संस्था, ट्रस्ट, बचत गटांचे संघ यांची ऑडिटं आणि युटिलायझेशन सर्टिफिकेटं (पैसे ज्या कामाला दिले त्यालाच खर्चले याचे दाखले), दिवसभर तेच. त्यामुळं अनुदान म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पैसे येतच नाहीत, लेखाशीर्ष येतं. कुठल्या हेडखालनं आलं, कशावर खर्चायची मुभा आहे, कधीपर्यंत, आणि खर्च झाला नाही तर परत कुठं जाणार. माझं माहेर मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उगाच तिथल्या माणसांना वरनं फोन जायला नकोत, आणि काठाच्या कुठल्याही गावात थोड्याफार फरकानं हेच झालंय.

पाणी ओसरल्यावर गेले तेव्हा पंचनामे चालू होते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक असे तिघं मिळून फिरत होते. पदांची नावं आता बदललीत, पण गावात तलाठी म्हणजे अजून भाऊसाहेबच. माणसं चांगली होती हे आधीच सांगते, नाहीतर असल्या लेखात तलाठी म्हटला की लोक लगेच पुढचं वाक्य मनात तयार करून ठेवतात. गुडघाभर गाळातनं चालत होते, फोनवर फोटो काढत होते, रेंज नव्हती म्हणून फोटो अपलोड करायला परत वेशीपर्यंत येत होते. जेवायलासुद्धा कुणाच्या घरी बसत नव्हते, कारण कुणाच्या चुलीत राख तरी कुठं सुकी होती.

काकूच्या बचत गटाची खोली समाजमंदिराच्या मागं आहे. खोली ग्रामपंचायतीची, वापर गटाचा. गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो, सोलापुरात दोन-तीन दुकानात माल जातो, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लागतो. दार उघडायला दोघांनी खांदा लावला कारण आतनं गाळ बसला होता. खिडकीच्या वर पाण्याची रेघ. ज्वारीची पोती फुगून उसवलेली आणि शिवणीतनं पांढरे मोड बाहेर आलेले, शेंगदाण्याचा वास असा की नाकाला पदर लावला तरी येत होता, गिरणीच्या मोटारीत गाळ, भट्टीत गाळ, पाकिटं सील करायचं मशीन उलटं पडलेलं. लेबलांचा गठ्ठा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत होता म्हणून कोरडा राहिलेला. सगळ्यात बिनकामाची गोष्ट तेवढी वाचली.

भाऊसाहेबांनी आत बघितलं आणि विचारलं, "खोली कुणाची?"

"पंचायतीची."

"मग खोली पंचायतीच्या यादीत. सामान?"

"आमचं. अकराजणींचं."

"कागद काय हाय? शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, काय?"

"गटाचं पासबुक हाय की. जरा भिजलंय."

ते गप्प झाले. मग म्हणाले, काकू, मी लिहून घेतो, फोटो पण टाकतो, पण खरं सांगू का, वर हे कशात बसवायचं ते मला पण कळंना. त्यावर काकू जे बोलली ते मी आल्यापासनं ऑफिसात चार जणांना तरी सांगितलं असेल. ती म्हणाली, "आमच्या येकीयेकीचं घर लिवलं, शेत लिवलं, म्हस लिवली. आन् हे जे सगळ्यांचं हाय, ते गेलं तर ते कुणाच्या नावावर टाकायचं?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आपल्याकडची आपत्तीची सगळी मदत नावावर चालते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्याखाली राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, त्यात आपल्यासारख्या राज्यांसाठी ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. पैसे वाटायचे कसे त्याचा एक भलामोठा तक्ता केंद्र सरकार काढतं, दर काही वर्षांनी दर बदलतात. तो तक्ता मी पूर्ण वाचलाय, आणि वाचताना एक गोष्ट मान्य करावी लागते की कुणीतरी बसून बारीक विचार केलाय. २०२५ च्या पुराला लागू असलेल्या दरांत दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १००. पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं तरच मोजायचं. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००. आता पाणी दीड दिवसात उतरलं तर काय भांडी तरंगत परत येतात का, पण असो, राज्य सरकार बऱ्याचदा जीआर काढून असल्या अटी ढिल्या करतं. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तक्त्यातली प्रत्येक ओळ एका माणसाला, एका कुटुंबाला, एका सातबाऱ्याला जाऊन चिकटते. सार्वजनिक म्हणून ज्या ओळी आहेत त्या रस्ता, पूल, शाळा, पाणीयोजना अशा, म्हणजे कुठल्यातरी खात्याच्या मालकीच्या. माणूस आणि खातं यांच्या मधलं जे असतं, गटाचं, तालमीचं, भजनी मंडळाचं, पाच शेतकऱ्यांनी मिळून टाकलेल्या पाइपलाइनीचं, त्याला ओळच नाही.

७ ऑक्टोबरला राज्याचं पॅकेज आलं, ३१,६२८ कोटींचं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, ह्यात बियाण्याचे वगैरे हेक्टरी १०,००० धरून. गाळानं बुजलेल्या विहिरीला ३०,०००. जमीन खरवडून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रोख आणि वर रोजगार हमीतनं माती टाकायला ३ लाखांपर्यंत. मागच्या वेळेशी ताडून बघितलं तर रक्कम वाढलीय. २०२० च्या ऑक्टोबरात अक्कलकोटकडं बोरी नदीनं जेव्हा वाट लावली होती तेव्हाचं पॅकेज १०,००० कोटींचं होतं आणि शेतीपिकाला हेक्टरी १०,०००, फळबागेला २५,०००. त्यामुळं सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणायला मी तयार नाही, तसं म्हणणारे आमच्या ऑफिसात पण आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचं रान पुरात नव्हतंच.

पण मग गावातला शेतकरी पैसे खात्यावर पडूनही रानात का जाऊ शकत नव्हता? रबीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची असते. मोहोळच्या संशोधन केंद्राची मालदांडी, आमच्याकडं अजून तिच्यावर जीव. रानाला वापसा आला, म्हणजे पेरण्याजोगी ओल राहिली, तेव्हा रानात ट्रॅक्टर न्यायला पाणंदच, म्हणजे शेतात जायची वाटच, राहिली नव्हती. ओढ्याजवळ पाणंदीचा तीस-चाळीस फुटांचा तुकडा वाहून गेला होता, खालचे सिमेंटचे नळे पार दुसऱ्याच्या उसात जाऊन पडले होते. एवढ्या एका तुकड्यापायी पलीकडची सगळी वस्ती अडकली. नदीकाठच्या मोटारी गेल्या, त्यांचे स्टार्टर गेले, विजेचा डीपी आडवा झाला. प्रत्येकाच्या हातात हेक्टरी पैसे, आणि सगळ्यांना मिळून जे लागतं त्याला पैसे नाहीत. शेवटी वर्गणी काढून जेसीबी आणला, आणि वर्गणीचे पैसे आले कुठनं, तर त्याच नुकसानभरपाईतनं. म्हणजे सरकारनं पिकाचे दिलेले पैसे लोकांनी रस्त्यात घातले. कागदावर हा खर्च "निविष्ठा अनुदान", म्हणजे बियाणं-खतासाठीचा, आहे. युटिलायझेशनमध्ये तसंच जाणार, आणि कुणाला कळणार पण नाही.

हे पूर्वी असं नव्हतं असं म्हणायचा मोह होतो. पूर्वी काही सोनं नव्हतं. पण १९७२ च्या दुष्काळाचं घरात जे ऐकलंय त्यात एक गोष्ट वेगळी आहे. आमच्या जिल्ह्याला तो दुष्काळ फार वाईट गेला, आजी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, हात फुटायचे. तिला त्यात काही थोर वाटायचं नाही. पण त्या मदतीनं तिला मजुरी दिली आणि गावाला पाझर तलाव दिला, नालाबंडिंग दिलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतनं आलेली रोजगार हमी, पुढं १९७७ चा कायदा, सगळं त्याच काळातलं. आणि त्याला पैसे कुठनं? शहरातल्या पगारदारांकडनं. व्यवसाय कर १९७५ साली त्यासाठीच लावला. आजही लोकांच्या पगारातनं महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, आमच्या ऑफिसात ते चलन मीच भरते, आणि ह्या पैशाचा उगम खडी फोडण्यात आहे हे कुणाच्या गावी पण नसतं. आता मदत थेट खात्यात येते. डीबीटी. मधला माणूस गेला, हे चांगलंच झालं, पण मधल्या माणसाबरोबर मधला गाव पण गेला असं मला वाटायला लागलंय.

बरं, गावासाठी म्हणून दुसरीकडं पैसे नाहीत का? भरपूर आहेत. गावात कुणालाही "पंचवीस-पंधरा" म्हणा, त्याला कळतं. २५१५ हे ग्रामविकासचं लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातनं होतात. त्याशिवाय जनसुविधा, दलित वस्ती ह्या योजना, आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधी ५ कोटी, वित्त आयोग. आमच्या गावात सभामंडप दोन आहेत, हायमास्ट आहे, पेव्हर ब्लॉक तर एवढे आहेत की पाणी मुरायला जागा नाही. प्रत्येकावर नावाचा फलक. पुरात पेव्हर ब्लॉक उखडले, फलक राहिले. पण ह्या पैशाचा स्वभाव वेगळा आहे. तो पूर बघून येत नाही. प्रस्ताव, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, वर्क ऑर्डर, मग एमबी (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही), मग बिल, आणि मार्च एंडला सगळ्यांची एकच पळापळ. जिल्हा परिषदेला नियोजन समितीचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात ते ह्याच लांबणीमुळं. पाणंद सप्टेंबरात वाहून जाते आणि पेरणी ऑक्टोबरात असते.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे (मार्च २०२६ पर्यंतचे) पैसे ग्रामपंचायतीला थेट येत होते, ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, ४० टक्के अबंधित, पगार-आस्थापना सोडून गावाच्या गरजेला. कागदावर हे चाळीस टक्के म्हणजे आमच्या काकूच्या प्रश्नाला दिलेलं उत्तरच की. पण आराखडा आधी ऑनलाइन चढवलेला असतो, त्यात जे नाही ते करायचं म्हणजे आराखडा बदलायचा, ग्रामसभा घ्यायची, परत चढवायचा. शिवाय ग्रामसेवकाला ऑडिटची भीती. मी ऑडिटवाली असून सांगते, ही भीती खोटी नाही. आम्ही लोक शंभर रुपयांच्या व्हाउचरला सही नाही म्हणून पान काळं करतो आणि त्या बाईची गिरणी चार महिने बंद राहिली तर त्याचा शेरा कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

मग गटाचं काय झालं? ह्यात मला सगळ्यात जास्त रस होता. उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, रचनेत गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ असतो. गटाला फिरता निधी ३०,००० मिळतो (आधी १५,००० होता, २०२३ ला वाढवला), आणि ग्रामसंघाकडं "जोखीम प्रवणता निधी" म्हणून एक रक्कम असते. नाव असं की उच्चारतानाच धाप लागावी, बायका त्याला "जोखमीचं" म्हणतात. आजारपण, मयत, घर पडलं, असल्या वेळी ग्रामसंघानं स्वतः बसून ठरवायचं कुणाला किती. ठराव काकूच्या ओट्यावर झाला. त्यात अर्धा वेळ भांडण. एकजण म्हणाली गटाला कशाला, आधी जिची भिंत पडली तिला द्या. दुसरी म्हणाली भिंतीचे सरकार देईल, भट्टीचे कोण देतंय. तिसरीनं सरळ विचारलं, भाकरीची ऑर्डर आली तर भिंत पडलेलीला कामाला घेणार का? घेणार. मग झालं. रजिस्टरात लिहिलं, सह्या, दोघींचे अंगठे, आणि आठवड्याच्या आत मोटार रिवाइंडिंगला मोहोळला गेली.

पहिली ऑर्डर कुठनं आली माहितीये? सोलापुरातनं लोक पूरग्रस्तांसाठी भाकरी गोळा करत होते. कडक भाकरी महिनाभर टिकते, ओली होत नाही तोवर नासत नाही, त्यामुळं तिला मागणी. पूरग्रस्त बायकांनी पूरग्रस्तांसाठी भाकरी भाजली आणि त्याचे पैसे घेतले. घ्यायलाच पाहिजेत.

ग्रामसंघानं गटाला दिलेली रक्कम मी इथं लिहीत नाही कारण ती एवढी छोटी आहे की ३१,६२८ कोटींच्या शेजारी ठेवली तर लोक विनोद समजतील. पण ती लगेच मिळाली, ठरवणारे लोक खोली बघितलेले होते, आणि ती सगळ्यांच्या म्हणून असलेल्या गोष्टीवर खर्चायची मुभा होती. माझं म्हणणं एवढंच आहे की पुराच्या पैशातला एक छोटा भाग असा यावा. गावाच्या नावावर, पहिल्या पंधरवड्यात, ग्रामसभेनं ठरवायचा, हिशोब नंतर कडक घ्या हवं तर. १५ व्या वित्त आयोगानं आपत्तीच्या निधीचे कप्पे पाडले तेव्हा पुनर्बांधणीसाठी ३० टक्क्यांचा वेगळा कप्पा ठेवलाच की. कप्पा आहे. त्याचं तोंड गावाकडं नाही.

हे नवीन पण नाही. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ च्या ३० सप्टेंबरला, हादरे सोलापुरात पण बसले होते. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं जो कार्यक्रम झाला त्यात हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण होतं, आणि पैसे हप्त्यानं घरमालकाला. पैसे सुटत होते पण लोकांना काय करायचं ते कळत नव्हतं, इंजिनियरला लोक कळत नव्हते, तेव्हा गावागावातल्या महिला मंडळांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं. बायका घराघरात जाऊन सांगायच्या, हप्ता कशाचा, काम कुठं अडलं ते वर कळवायच्या. सरकारनं स्वतः केलेलं काम आहे ते. इतकं जवळ घडून आपल्या जिल्ह्यात आज पंचनाम्याच्या पथकाबरोबर ग्रामसंघाची एक बाई असावी हे कुणाला सुचत नाही याचं मला नवल वाटतं.

शहराचं पण थोडं सांगते, कारण सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले, वाचणारे विचारतील. नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरलं की पहिला भिजतो तो माग. केंद्राच्या त्याच तक्त्यात हातमाग कारागिराला अवजारासाठी ५,००० आणि कच्च्या-पक्क्या मालासाठी ५,००० आहेत. पण सोलापुरात हातमाग उरलेत किती? टॉवेल, चादरी निघतात त्या यंत्रमागावर, आणि यंत्रमागाला त्या ओळीत जागा नाही. दुकानदाराला राज्याकडनं ५०,००० पर्यंत मिळतात, पण घरात भाड्याच्या खोलीत दोन माग टाकून जॉबवर (दुसऱ्याच्या सुतावर, मजुरीनं) कापड काढणारा माणूस दुकानदार आहे का कारागीर आहे का कामगार? तो स्वतःला मालक म्हणवतो, एवढंच. काय बे शेट, अशी हाक मारली की खूश. त्याचा पंचनामा कुठल्या शीर्षकाखाली करणार.

सध्या आम्ही दोन कामं मागं लावलीत. गटाचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) केलं, खोलीचा वापर करारनामा पंचायतीकडनं लिहून घेतला, आणि खोलीतल्या सामानाची यादी ठरावात घातली. पुढच्या वेळी विचारलं कागद काय हाय तर कागद असेल. काकूला हे सगळं वेडेपणाचं वाटतं, ती म्हणते पुढच्या वेळची तयारी करतीस का पुढच्या वेळला बोलावतीस. दुसरं काम पाणंदीचं. ती पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदीतच नव्हती, पन्नास वर्षं लोक चालतायत पण कागदावर रस्ता नाही, त्यामुळं वाहून गेला असं म्हणायला पण जागा नव्हती. नोंद लागायला ग्रामसभेत ओढ्याकाठच्या दोन भावांनी अडवलं, मग त्यांच्याच चुलत्यानं मिटवलं, ती वेगळी कथा आहे. सरपंचांना पंचायतीच्या पैशात स्मशानभूमीला कंपाउंड हवं होतं, ते अजून नाराज आहेत.

पाणंदीचा प्रस्ताव घेऊन पंचायत समितीत गेलो तेव्हा इंजिनियर मॅडमनी एस्टिमेट चाळलं, वयानं माझ्यापेक्षा लहान, टेबलावर फायलींचा ढीग. ओढ्यावर नळे किती धरलेत विचारलं. पूर्वी दोन होते म्हणून दोनच धरलेत म्हणलं. त्यांनी पेन घेऊन दोनवर काट मारली, तीन केले, नळ्यांचा व्यास पण वाढवला, आणि म्हणाल्या बेरीज नवीन करून आणा, उद्या आणलं तर ह्या महिन्यात लावते.